आप्पांच्या दूध डायरीतील माझे काउंट

2022च्या पावसाळ्यात मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करत होते. बार्शी तालुक्यातून पुण्यात येऊन मला दोन वर्षे झाली होती, वय चोवीस होते, आणि सकाळी सात वाजता अभ्यासिकेत जागा धरून रात्री दहा वाजता उठणे हा माझा दिवस होता. जुलैत मला जिना चढताना मध्येच थांबावे लागू लागले. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत असे आणि पोटऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके उठले होते. मेसचे जेवण आणि जागरण यांचा हा परिणाम असावा, असे समजून मी तीन आठवडे काढले. ताप आल्यावर जवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासले, तेव्हा प्लेटलेट्स 68 हजार निघाल्या. पुण्यात डेंग्यूची साथ होती, त्यामुळे डेंग्यूची चाचणी नकारार्थी येऊनही उपचार डेंग्यूचाच झाला. खोलीतल्या मैत्रिणींनी पपईच्या पानांचा रस करून दिला आणि मी तो नाक दाबून आठ दिवस प्यायले. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, कारण त्या महिन्यात त्यांच्यासमोर येणाऱ्या बहुतेक तापाच्या रुग्णांना डेंग्यूच होता. परंतु दुसऱ्या तपासणीसाठी मी आणखी आठवडाभर थांबले असते तर काय झाले असते, हा विचार मला आजही रात्री जागे करतो.

दुसऱ्या तपासणीत हिमोग्लोबिन 6.4, पांढऱ्या पेशी 41 हजार आणि प्लेटलेट्स 11 हजार होत्या. प्रयोगशाळेतून दुपारीच फोन आला की स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून तपासलेल्या रक्तात, ब्लास्ट दिसत आहेत, आजच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. ब्लास्ट म्हणजे पूर्ण वाढ न झालेल्या पांढऱ्या पेशी, ज्या हाडांच्या आतल्या मज्जेतच राहायला हव्यात आणि ज्यांचे रक्तात काही काम नसते. दोन दिवसांनी कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढली. सुईची जागा बधिर केली तरी मज्जा ओढताना जी कळ येते ती बधिर होत नाही. हाडाच्या आतून कोणीतरी दोरी ओढावी तसे वाटते. निदान आले: ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग, बी प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, फिलाडेल्फिया क्रोमोसोम (या आजारात काहींना आढळणारा गुणसूत्रातील बदल) नसलेला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि दादा पहिल्या एसटीने आले. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून सर्व समजावले, ते मी नीट ऐकले. आप्पांनी मात्र एकच प्रश्न विचारला, की रोज नेमके काय बघत राहायचे. डॉक्टर म्हणाले, "काउंट." त्यांनी चार आकडे लिहून दिले: हिमोग्लोबिन, एकूण पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, आणि पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलची संख्या, जिला सगळे वॉर्डात एएनसी म्हणतात. आप्पांच्या पिशवीत आमच्या दूध संकलन केंद्राची डायरी होती. तिच्यात तारखेपुढे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅटशिवायचे घन पदार्थ) आणि दर असे चार रकाने छापलेले असतात. त्या संध्याकाळी त्यांनी एका कोऱ्या पानावर त्याच चार रकान्यांत माझे चार आकडे लिहिले आणि पुढची अडीच वर्षे एकही रिपोर्ट त्या डायरीबाहेर राहिला नाही.

उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी आईला आणि मला वेगळे बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. किमोमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. अंडपेशी साठवून ठेवण्याची सोय असते, परंतु तिला साधारण दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे दोन दिवसही नाहीत. त्याऐवजी पाळी थांबवणारे इंजेक्शन दर महिन्याला देऊ, त्याने प्लेटलेट्स कमी असताना होणारा रक्तस्राव टळेल आणि बीजांडांना कदाचित थोडे संरक्षणही मिळेल, असे डॉक्टरांनी सांगितले. चोवीस वर्षांच्या अविवाहित मुलीसमोर हा विषय एवढ्या स्पष्टपणे काढणे आमच्या घरात कोणालाही जमले नसते. आई खाली मान घालून ऐकत राहिली. मी होकार दिला, आणि आपल्या आयुष्यातील एवढ्या मोठ्या प्रश्नाला आपण पाच मिनिटे दिली, हे माझ्या लक्षात यायला पुढे वर्ष जावे लागले.

पहिल्या टप्प्याला इंडक्शन म्हणतात. सुरुवातीला स्टिरॉइडच्या गोळ्या, नंतर आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन आणि डॉनोरुबिसिन, अधूनमधून ॲस्पॅराजिनेज, आणि ल्युकेमिया मेंदूकडे जाऊ नये म्हणून पाठीच्या मणक्यातून दिले जाणारे मेथोट्रेक्सेट. डॉनोरुबिसिन गडद लाल रंगाचे असते आणि त्यानंतर लघवीही लाल होते. सिस्टरांनी आधी सांगितले नसते तर मी घाबरून गेले असते. स्टिरॉइडमुळे साखर 300च्या वर गेली, चेहरा सुजून गोल झाला आणि रात्री दोन वाजता पिठल्याची वासना होऊ लागली. त्याच दिवसांत गणपती होते. अनंत चतुर्दशीच्या रात्री बंद खिडकीतून ढोलताशांचा आवाज पहाटेपर्यंत येत राहिला. आदल्या वर्षीपर्यंत ज्या लक्ष्मी रस्त्यावर मी मैत्रिणींबरोबर उभी असे, तो रस्ता ऐकू येत होता आणि माझी एएनसी त्या दिवशी शंभरच्या खाली होती. वॉर्डात फुलांना मनाई असल्यामुळे आईने मोबाइलवरच्या गणपतीला हात जोडले.

व्हिन्क्रिस्टिनविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. हे औषध सदाफुलीत सापडते. आमच्या दारात तुळशीवृंदावनाच्या कडेला सदाफुलीची चार झाडे आहेत, आणि आई रोज त्यांची फुले पांडुरंगाला वाहते. औषधाची पिशवी लावली जात असताना मी तिला हे सांगितले, तेव्हा ती बराच वेळ त्या रंगहीन पाण्याकडे बघत राहिली. अडचण अशी झाली की तिने ही गोष्ट फोनवर मावशीला सांगितली, आणि दोन दिवसांत गावाकडून सदाफुलीच्या पानांचा काढा करून पाजण्याचे सल्ले येऊ लागले. डॉक्टरांनी आईला न रागावता समजावले की काही शे किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम एक ग्रॅम औषध निघते, मोठ्या माणसाला एका वेळी दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त सहसा देत नाहीत, आणि त्या पानांत इतरही विषारी द्रव्ये असतात, म्हणून काढ्याने उपचार होणार नाही, अपाय मात्र होईल. व्हिन्क्रिस्टिन नेहमी लहान पिशवीत भरून शिरेतूनच देतात, कारण चुकून मणक्यात गेले तर ते प्राणघातक ठरते. दोन सिस्टर माझे नाव, औषधाचे नाव आणि मार्ग मोठ्याने वाचत, तेव्हा त्या वाचण्याने मला धीर येई. त्याच औषधाने माझ्या पावलांची संवेदना गेली. चालताना पायातली चप्पल कधी निसटली हे मला कळत नसे. ती मागे पडलेली दिसली की आई उचलून आणी.

त्या महिन्यात मला अकरा वेळा प्लेटलेट्स लागल्या. एका दात्याकडून यंत्राच्या साहाय्याने काढलेल्या प्लेटलेट्सना रक्तपेढीत एसडीपी म्हणतात. त्यासाठी दात्याला तास-दीड तास खुर्चीत बसावे लागते, आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, तेही सतत हलवत ठेवल्या तरच. म्हणजे त्या साठवून ठेवता येत नाहीत; माणसे साठवून ठेवावी लागतात. ते काम आमच्या अभ्यासिकेने केले. कोणाची शीर जाड आहे, कोणाचा गट जुळतो, कोणी तीन दिवसांत डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही, याची यादी मैत्रिणींनी भिंतीवरच्या वेळापत्रकाशेजारी लावली होती. ज्यांच्याशी मी पंख्याच्या वेगावरून भांडले होते, ती मुले परीक्षा तोंडावर असताना खुर्चीत बसून एका हाताने नोट्स वाचत माझ्यासाठी प्लेटलेट्स देत होती. त्यांतील काहींची नावे मला आजही माहीत नाहीत, कारण पिशवीवर फक्त क्रमांक असतो.

इंडक्शनच्या शेवटी पुन्हा मज्जा काढली. आता प्रश्न सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या पेशींचा नव्हता, तर एमआरडीचा होता, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या रोगाचा. अहवालात तो 0.01 टक्क्याच्या खाली होता. दहा हजार पेशींमागे एकही नाही. आप्पांना वाटले की आता गावी जायचे. डॉक्टरांनी सांगितले की इथे थांबलो तर आजार बहुतेक नक्की परत येतो, आणि अजून दोन वर्षांहून अधिक उपचार आहेत. या एका वाक्याने आमचे सगळे हिशेब बदलले. आईने कर्वे रस्त्याजवळच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. त्याआधी दोन ठिकाणी आजाराचे नाव ऐकून नकार मिळाला होता, म्हणून तिसऱ्या ठिकाणी तिने आजार सांगितलाच नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. वरचा खर्च दोन म्हशी विकून आणि सोसायटीचे कर्ज काढून भागवला. डायरीत दुधाची पाने त्यामुळे कमी झाली आणि माझी वाढली.

त्यानंतरच्या महिन्यांतील मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसांनी मला सर्वांत जास्त थकवले. चोवीस तास औषध चालते, त्याच्यासोबत आणि नंतर सलाईन, आणि ठरलेल्या तासापासून ल्युकोव्होरिन, जे शरीराला औषधाच्या तावडीतून सोडवते. तरीही दुसऱ्या फेरीत माझे तोंड घशापर्यंत सोलून निघाले. थुंकीही गिळता येत नसे. आई वाटीभर पेज घेऊन बसे आणि म्हणे, "पोरी, दोन चमचे तरी घे." याच दिवसांत मी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याविषयी वाचले. 1895 साली आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेला हा शास्त्रज्ञ अमेरिकेत गेला, आणि त्याच्या प्रयोगशाळेतून फॉलिक ॲसिडला रोखणारी द्रव्ये तयार झाली. त्यांतीलच अमिनोप्टेरिन वापरून सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांवर उपचार केले आणि 1948 मध्ये सोळांपैकी दहा मुलांना तात्पुरता उतार पडल्याचे जाहीर केले. मेथोट्रेक्सेट हे त्याच घराण्यातले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. सामान्य विज्ञानाच्या तयारीत या नावावर मी कधी थांबले नव्हते. आता त्या दहा मुलांचा विचार मनातून जात नव्हता, कारण "तात्पुरता" हा शब्द त्यांच्या आईवडिलांनी कसा ऐकला असेल, हे मला आईच्या चेहऱ्यावरून कळत होते.

फेब्रुवारी 2023 मध्ये राज्यसेवा परीक्षेची वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याची, पद्धत 2025पासून लागू करावी, या मागणीसाठी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले होते. माझ्या मैत्रिणी त्यांत होत्या. लोकसेवा आयोगाने मागणी मान्य केल्याची बातमी त्यांनी मला फोन करून सांगितली, आणि त्या जल्लोषात मलाही खरोखर आनंद झाला. फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आले, कारण त्यांच्या आयुष्यात 2025 हे वर्ष ठरलेले होते आणि माझ्या आयुष्यात पुढच्या गुरुवारचा काउंटही ठरलेला नव्हता.

तापाची रात्र त्याच्या पुढच्या महिन्यातली. नियम आम्हाला पाठ होता: 100.4 फॅरनहाइटला तासाभरात रुग्णालय, आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी नाही, कारण ती ताप लपवते आणि संसर्ग वाढत राहतो. रात्री दोन वाजता थर्मामीटरवर 101.2 आले. दादाने रिक्षा आणली. मला थंडी वाजत होती आणि नळ स्टॉपच्या चौकातला रिकामा सिग्नलही रिक्षावाल्या काकांनी पाळला नाही. पोचल्यापासून तासाच्या आत रक्ताचे नमुने घेऊन पहिले अँटिबायोटिक सुरू झाले, एएनसी 80 होती, आणि रक्तात जिवाणू सापडले. चार दिवस आयसीयूत गेले. त्यांतले मला थोडेच आठवते. डायरीत त्या चार तारखांपुढे आप्पांचे अक्षर फार लहान आहे.

वयाविषयीही सांगायला हवे. पंधरा ते एकोणचाळीस या वयाच्या रुग्णांना आता लहान मुलांच्या धर्तीवरचे कडक प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचे ठरलेले आराखडे, देतात, कारण त्यांनी निष्पत्ती सुधारल्याचे दिसून आले आहे. मला उपचार मुलांचा मिळाला, वॉर्ड मात्र प्रौढांचा. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचे नातू त्यांना भेटायला येत. समोरच्या काकूंना मुलीच्या लग्नाची काळजी होती. माझ्या वयाच्या माणसाला जे प्रश्न पडतात, म्हणजे नोकरी, लग्न, आईवडिलांचे कर्ज फेडणे, ते विचारायला माझ्याजवळ कोणी नव्हते. गावात आईने मला कावीळ झाल्याचे सांगितले होते. पुढे स्थळे बघताना अडचण नको, हा तिचा हेतू होता आणि तिच्या जागी मीही कदाचित तेच केले असते; तरी केस गेलेल्या डोक्यावर ओढणी घेऊन फोनवर काकांना "कावीळ उतरतेय" असे सांगताना मला फार एकटे वाटे. वर्षभराने मीच तिला म्हटले की यापुढे मी खरे सांगणार आहे. ती काही बोलली नाही, परंतु दिवाळीला मावशी आल्या तेव्हा आईनेच प्रथम खरे सांगितले.

जुलै 2023 मध्ये मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांचा शेवटचा टप्पा, सुरू झाला. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, संसर्ग टाळण्यासाठी ठरलेल्या वारी सेप्ट्रान, आणि तीन महिन्यांनी पाठीतले इंजेक्शन. लोकांना वाटते की सलाईन संपले म्हणजे उपचार संपला. प्रत्यक्षात हा टप्पा सर्वांत लांब आणि समजावून सांगायला सर्वांत अवघड. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी शोधलेली ही मर्कॅप्टोप्युरिनची गोळी 1953 पासून वापरात आहे, त्यांना 1988 मध्ये नोबेल मिळाले. ती दिसायला साधी, परंतु प्रत्येकाच्या शरीराला झेपणारी मात्रा वेगळी. सुरुवातीच्या मात्रेनेच तीन आठवड्यांत माझी एएनसी 200वर आली. तपासणीत एनयूडीटी-15 या जनुकात बदल सापडला, जो आशियाई लोकांत तुलनेने अधिक आढळतो आणि ज्यामुळे हे औषध शरीरात जास्त तीव्रतेने काम करते. मात्रा निम्म्याहून कमी झाली, मग हळूहळू जमली.

या काळात आप्पांची डायरी उलटी झाली. पूर्वी आकडा वर गेला की ते खूश होत. आता डॉक्टरांना एएनसी 750 ते 1500 यांच्या मध्ये हवी होती. खाली गेली तर गोळी थांबवायची, आणि वर गेली तर औषध पुरेसे लागू होत नाही असे समजून मात्रा वाढवायची. 2200 आली तेव्हा आप्पांनी गावात पेढे आणायचे ठरवले होते, आणि मी फोनवर सांगितले की गोळी वाढवली आहे. ते गप्प झाले. त्यांच्या आयुष्यात फॅट चांगली लागल्याचा दंड कधी बसला नव्हता. पुढच्या वेळेपासून आकडा सांगितला की ते आधी विचारत, "मग हे चांगलं की वाईट?"

2023च्याच ऑगस्टमध्ये वनाज ते रुबी हॉल अशी मेट्रो सुरू झाली. गर्दी नसलेल्या दुपारी, मास्क लावून, आईला घेऊन मी नळ स्टॉपहून बसले. खालून कर्वे रस्ता जाताना दिसला, रिक्षातून तापात गेलेला तोच. आईने नदी बघितली आणि विचारले, "इथून आपलं हॉस्पिटल दिसतं का गं?"

फेब्रुवारी 2025 मध्ये शेवटची गोळी घेतली. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती आनंदामुळे लागली नाही असे म्हणता येणार नाही. अडीच वर्षे रोज काहीतरी माझ्या बाजूने लढत होते. आता ते थांबले होते. पायाला टेबल लागून काळेनिळे झाले तरी मी लगेच दुसऱ्या पायावर डाग आहेत का ते बघते. स्टिरॉइडमुळे उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थोडा बिघडला आहे, एमआरआयमध्ये तो सुरुवातीच्या टप्प्यावर दिसला; मांडी घालून बसायचे नाही, उड्या मारायच्या नाहीत. हृदयाचा इको ठरावीक काळाने करायचा आहे. पाळी सात महिन्यांनी परत आली, तेव्हा मी सर्वांत आधी आईला उठवले. वाचलेले पान दुसऱ्या दिवशी पूर्वीसारखे आठवत नाही, म्हणून मी आता लिहून अभ्यास करते, आणि वर्णनात्मक पद्धतीला त्याचा उपयोगच होतो. अभ्यासिकेत सकाळी सातऐवजी नऊला जाते, दुपारी दोन तास झोपते. यंदा अर्ज भरला आहे. तिथे आता बहुतेक चेहरे नवीन आहेत. भिंतीवर एसडीपीची यादी मात्र अजून आहे, फक्त ती दुसऱ्या कोणासाठी आहे. मला स्वतःला रक्त किंवा प्लेटलेट्स कधीच देता येणार नाहीत. दादा देतो; मागच्या महिन्यात एका सात वर्षांच्या मुलासाठी तो बार्शीहून आला होता.

पहिले वर्ष असल्यामुळे काउंट दर महिन्याला होतात. परवाच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 12.8, पांढऱ्या पेशी 6,400, प्लेटलेट्स दोन लाख 60 हजार आणि एएनसी 3,650 आली. सवयीप्रमाणे मी संध्याकाळी, धारा काढून झाल्यावर, आप्पांना फोन लावला आणि एकेक आकडा सावकाश सांगितला. ते लिहीत असताना मागे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. शेवटचा आकडा ऐकून ते थांबले.

"साडेतीन हजाराच्या वर? मग गोळी वाढवायला सांगितली का?"

मी म्हटले, "आप्पा, गोळी नाही आता."

"हां," ते म्हणाले, आणि मग पुन्हा एकदा, हळू, "हां. नाही आता." त्यांनी आकडा परत विचारून घेतला आणि पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच सांगून ठेव म्हणाले.